सेमगोलवालीचं पीच

सासूच्या पहिल्या वर्षश्राद्धाला मेजावर पीच ठेवायचं, हे मिरानने सासू गेली तेव्हाच ठरवलं होतं. नवऱ्याला मात्र तिने ते आदल्या आठवड्यात सांगितलं. आधी सांगितलं असतं तर तो वर्षभर तोंड पाडून हिंडला असता, आणि ते बघायला मिरानला वेळ नव्हता.

ग्युसोक नखं कापत बसला होता. त्याचा हात थांबला.

“पीच?”

“पीच.”

“पितरांच्या मेजावर?”

“मग काय गोठ्यात?”

ग्युसोक म्हणजे हानगोल गावच्या मुन घराण्यातला थोरल्या पातीचा वारस. चार पिढ्यांची श्राद्धं त्याच्या घरी होत. जिथे पितर जेवायला येतात तिथे पीच येत नाही, हे हानगोलचं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. पीच दिसलं की आत्मा उलट्या पावली पळतो. म्हणून कुणी अंगणात पीचचं झाड लावत नाही आणि श्राद्धाच्या आठवड्यात घरात पीच आणत नाही. मेजावर लसूण नाही, तिखट नाही, आणि पीचचं तर नावच काढायचं नाही. ग्युसोक तालुक्याच्या शेतकी सोसायटीत कारकून होता, कॉम्प्युटरवर खतांचे हिशेब करायचा. पण या बाबतीत तो अजून पणजोबांच्या मांडीवरच बसलेला होता.

“देऊकसू काका काय म्हणतील?”

“ते काय म्हणतात ते तेच सांगतील. त्यांना आजवर कधी शब्द कमी पडलेत?”

“अगं पण आई येणारच नाही मग. तिच्याच श्राद्धाला तिलाच दारातून हाकलायचं?”

खरं सांगायचं तर हा प्रश्न तिलाही वर्षभर कुरतडत होता. ती म्हणाली, “मी त्यांना शब्द दिलाय,” आणि उठून भांडी घासायला गेली. मिरानच्या हातची भांडी त्या दिवशी जरा जास्तच वाजली.

सासू सेमगोलची. दोन डोंगर ओलांडले की सेमगोल. सगळा उतार पीचच्या बागांचा. तिथल्या मुली पीच खातच मोठ्या होतात, आणि त्यातली एक लग्न होऊन नेमकी अशा घरात आली की जिथे पीच शिवायचं नाही. गावात सुनेला तिच्या माहेरच्या नावानेच हाक मारतात, त्यामुळे ती जन्मभर ‘सेमगोलवाली’ राहिली. नाव सेमगोलचं, पण सेमगोल बघायला मिळायचं नाही. पीच पिकायच्या दिवसांतच मुन घराण्याच्या पणजोबांचं श्राद्ध यायचं, ते आटोपतं न आटोपतं तोच आजोबांचं. थोरल्या सुनेने घर सोडायचं नाही. दुसऱ्या दिवसांत माहेरी जायचं म्हटलं तर दुसऱ्या कुणाची तरी तिथी असायचीच. मेलेल्या माणसांनी त्या बाईला जिवंतपणी श्वास घेऊ दिला नाही, हे माझं मत. ती स्वतः असं कधी बोलली नाही.

मिरान नवी नवरी होती तेव्हा एका उन्हाळ्यात सासू तिला चादरी धुवायला म्हणून ओढ्यावर घेऊन गेली. गावापासून चांगली लांब. तिथे वाळुंजाच्या झाडांआड बसून तिने धुण्याच्या टोपलीतून चादरीत गुंडाळलेली दोन पीचं काढली. रस्त्यावरच्या गाडीवाल्याकडून घेतलेली.

“खा. आणि घरी सांगितलंस तर याद राख.”

“आई, हे चालतं?”

“घरात चालत नाही. हा ओढा आहे. ओढ्यात कुणाचे पितर नाहीत.”

दोघींनी खाल्ली. रस कोपरापर्यंत आला. मग सासूने कोया पाण्यात फेकल्या, हात राखेने घासले, चुळा भरल्या आणि मिरानच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाली, “आता तोंडाने ‘हाऽ’ कर.” मिरानने हा केलं. सासूने वास घेतला. “अजून येतोय. पुन्हा चूळ भर.” मिरानला इतकं हसू फुटलं की चूळ नाकातून आली. त्यानंतर दर उन्हाळ्यात त्या चादरी धुवायला जायच्या, आणि गावातल्या बायका म्हणायच्या, थोरल्या घरच्या चादरी भारीच मळतात बाई. सासूशी असं जमणं सगळ्यांच्या नशिबी नसतं. मिरानची आई ती लहान असतानाच गेली होती. हानगोलला येऊन तिला आई मिळाली, ती ओढ्यावर.

मागच्या उन्हाळ्यात सासूला पोटाचा आजार जडला. शेवटी शेवटी पाणीसुद्धा घशाखाली उतरेना. मिरानने एक दिवस कुणाला न विचारता कपड्यांत पीच लपवून थेट तिच्या खोलीत आणलं आणि सुरी घेतली. सासूने तिचा हात धरला.

“कापू नकोस. मला उतरणार नाही.” तिने ते हातात घेतलं, गालाला लावलं. बराच वेळ तशीच पडून राहिली. मग म्हणाली, “माझ्या पहिल्या श्राद्धाला मेजावर पीच ठेवशील?”

“काहीतरीच काय आई.”

“ठेवशील का ते सांग.”

“लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणतीलच. कुणी काही म्हणो, तू ठेवायचंस. शब्द दे.”

मिरानने शब्द दिला. सासू इतकी समाधानाने हसली की मिरानला वाटलं, बिचारीचा जीव शेवटपर्यंत एका फळात अडकला. त्या रात्री स्वयंपाकघरात बसून ती त्याच विचाराने रडली. आणि पुढच्या आठवड्यात सासू गेली.

आता वर्ष झालं होतं. श्राद्धाच्या आदल्या दिवशी मिरान बसने सेमगोलला गेली. सासूच्या भाच्याने बागेतून स्वतः निवडून पीचं दिली, पांढरी, टपोरी, बोट लागलं तरी डाग पडेल अशी. “आत्याला आवडायची,” एवढंच तो म्हणाला. कशासाठी हवीत ते त्याने विचारलं नाही, आणि मिरानने सांगितलं नाही.

घरी आल्यावर मात्र तिने टोपली घरात आणली नाही. मोठ्या दाराबाहेर पर्सिमनचं झाड होतं, त्याच्या फांदीला ओलं फडकं गुंडाळून टांगून ठेवली. सगळ्या गावाशी भांडायला निघालेली ही बाई, पण पितरांना एक दिवस आधी घाबरवायची तिची तयारी नव्हती. माणसाचं असंच असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून चूल पेटली. देऊकसू काकांची बायको, म्हणजे काकू, तेगू शहराहून आदल्या दिवशीच मदतीला आली होती. दोघी जमिनीवर तवा ठेवून तळायला बसल्या. माशाचे काप पिठात आणि अंड्यात बुडवून तव्यावर, मग टोफू, मग भोपळ्याच्या चकत्या. ऑक्टोपस उकडून झाला होता. डोंगरावरच्या नेच्याचे वाळवलेले कोंब, पालक आणि बेलफ्लॉवर नावाच्या फुलझाडाची मुळं वेगवेगळी तिळाच्या तेलात परतून झाली होती, लसणाचा वाससुद्धा न लागू देता. मिरानने या वेळी एक गोष्ट कटाक्षाने पाळली होती: कशातच खोट ठेवायची नाही. काकांना बोट ठेवायला पीचशिवाय दुसरी जागा मिळता कामा नये.

काकू तव्यावरचं उलटता उलटता थांबली. तिने नाक वर केलं.

“मिरान, तुझ्या अंगाला कसला वास येतोय गं?”

“तेलाचा.”

“तेलाचा वास मला कळत नाही होय? गोड येतोय.” तिने मिरानकडे नीट बघितलं, मग दाराकडे, मग पुन्हा तव्याकडे. “मला काही सांगू नकोस. मला काही माहीत नाही. मला जन्मभर त्या माणसासोबत राहायचंय.”

“मी तुम्हाला काही सांगितलंच नाही.”

“तेच म्हणतेय मी.” थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली, “एखादं जास्तीचं आणलं असशील तर ते कुठे टांगलंय तेही सांगू नकोस. मी शोधीन.”

सूर्य कलला तसे देऊकसू काका आले. निवृत्त हेडमास्तर, कोट, टोपी आणि हातात महागड्या तांदळाच्या दारूची बाटली. त्यांनी हातपाय धुतले आणि मेजासमोर उभे राहून एकेक वाडगा डोळ्यांखालून घातला. मासा पूर्वेला, मांस पश्चिमेला. लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला. खजूर, चेस्टनट, पेअर, वाळवलेली पर्सिमनं आपापल्या जागी. मामंजींचा आणि सासूचा भात शेजारी शेजारी, कारण श्राद्ध एकाचं असलं तरी नवराबायकोला एकत्रच बोलावतात. मागच्या पडद्यावर, पितरांनी येऊन बसावं म्हणून, ग्युसोकने दोघांसाठी लिहिलेले कागद लावलेले. मामंजींच्या कागदावर त्यांचा हुद्दा. सासूच्या कागदावर नाव नाहीच, नुसतं ‘पार्क घराण्यातील’.

काका दोनदा फिरले, मग त्यांनी कौतुकाने मान हलवली. “सूनबाई, वहिनी असती तर तिलाही सुधारण्यासारखं काही सापडलं नसतं.”

ग्युसोकने बायकोकडे असं बघितलं, जणू म्हणत होता, आता तरी गप्प बस. पण ज्याला गप्प बसायचं असतं तो सेमगोलला बसने जात नाही.

“काका, एक जिन्नस अजून मांडायचा राहिलाय. आईंना मी शब्द दिला होता. पीच.”

काकांना आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग त्यांचा चेहरा मेजावरच्या खजुरासारखा झाला.

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं? इथे पीच आलं तर दादा जेवायला बसेल? दादा सोड, वहिनी येईल? ज्याला पीच दाखवून हाकललं तो आत्मा त्या उंबऱ्याला पुन्हा शिवत नाही, माहीत आहे ना? आज नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही.”

“त्यांनीच मागितलं होतं.”

“आजारी माणूस काय वाटेल ते मागतो.”

“त्या शुद्धीत होत्या. त्यांना पीच फार आवडायचं, म्हणून मागितलं. त्यांना एवढे नियमबियम नसतील आठवले त्या वेळी.”

“नियम आठवले नसतील?” काका हसले; ते हसू चांगलं नव्हतं. “वहिनीला? अगं, हा नियम किती कडक असतो ते मला तिनेच शिकवलंय. मी कॉलेजात होतो. तेगूहून येताना माझ्या वडिलांच्या, आबांच्या श्राद्धाला मोठ्या ऐटीत पाकातल्या पीचचा डबा आणला होता, डब्यातल्याला काय होतंय म्हणून. त्या काळात केवढी चैन ती. वहिनीने मला दारात अडवलं, डबा हातातून काढून घेतला आणि म्हणाली, भाऊजी, हे आत आलं तर आबा आल्या पावली परत जातील आणि पुन्हा या घराचं तोंड बघणार नाहीत. डबा बंद होता, झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. तरीही तिने तो शेजाऱ्याकडे पोचवला. आणि तू म्हणतेस तिला आठवलं नाही! आख्खा जन्म तिने हे मेज मांडलं. या घरात हा नियम तिच्याइतका कुणालाच पाठ नव्हता.”

मिरान “चुलीवर पाणी आहे” असं काहीतरी पुटपुटून स्वयंपाकघरात आली. चुलीवर पाणी नव्हतं.

ती तिथेच खाली बसली. वर्षभर ती एका आवडत्या फळाचा शब्द सांभाळत होती. सासूला माहीत होतं. बंद डब्यालासुद्धा उंबरा ओलांडू न देणाऱ्या बाईला बरोब्बर माहीत होतं आपण काय मागतोय ते. तिला पीच खायचं नव्हतं. तिला पुन्हा या घरात यायचं नव्हतं. दर वर्षी ठरल्या दिवशी बोलावणं येणार, नवऱ्याच्या शेजारी बसायचं, कागदावर नाव नाही, समोर भात, मागे पडदा, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या. हे तिने ज्यांना जन्मभर वाढलं त्यांच्याकडे बघून ओळखलं होतं. सुटायचा रस्ता एकच होता, आणि तो तिने ज्या एका माणसावर विश्वास होता त्याच्याकडे मागितला होता.

मिरानला आधी राग आला. चांगलाच आला. मग माझं काय, असं तिला ओरडून विचारावंसं वाटलं. सासू येणार, म्हणून तर ती चार दिवस राबत होती. मासा उलटताना, भाजी परतताना, हे आईंना आवडेल, हे त्या बघतील, असंच मनात चालू होतं. आता पीच ठेवलं तर उंबरा कायमचा बंद. नाही ठेवलं तर कुणी काही म्हणणार नव्हतं. काका खूश, नवरा खूश, आणि सासू दर वर्षी येणार. काहीही न करता, नुसतं गप्प बसून मिरानला आई ठेवून घेता आली असती.

तिने बाहीने तोंड पुसलं, उठली आणि मोठ्या दाराबाहेर गेली. टोपलीतलं सगळ्यात चांगलं पीच काढून घेतलं. एक कमी होतं. काकूने शोधलं होतं.

ती पीच घेऊन अंगणात उभी राहिली, उंबऱ्याच्या बाहेर. ग्युसोक आणि काका ओटीवर आले.

“काका, तुमचं खरं आहे. त्यांना माहीत होतं. म्हणूनच मी ठेवणार आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे त्यांना जायचंय. जन्मभर त्यांनी कधी काही मागितलं नाही, आणि मागितलं ते हे.”

काका हा माणूस हट्टी होता, बधिर नव्हता. वहिनीने त्यालाही लहानाचा मोठा केलेला होता. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

“आणि दादा? त्याला कशाला उपाशी उठवतेस?”

“कुणी उपाशी उठणार नाही. आधी सगळं रीतीप्रमाणे होईल. दोघं पोटभर जेवतील. मामंजी जेवून बाहेर पडले की मग मी ठेवीन. मामंजींची स्वतःची तिथी थंडीत असते, तेव्हा कुठलं आलंय पीच. ते येतील की. ते कुठे जाणार आहेत?”

“हे खरंय,” काका नकळत म्हणाले. काकू स्वयंपाकघराच्या दारात तोंडावर हात ठेवून उभी होती.

मग मिरानने नवऱ्याकडे बघितलं. आई त्याची होती. तो खूप वेळ त्या पीचकडे बघत होता.

“मला ती दिसणार नाही म्हणजे,” तो म्हणाला. याआधी वर्षभरात त्याला ती दिसली होती असं नाही, पण त्याला काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं.

“तुम्ही नको म्हणालात तर तुमच्याशी भांडेन,” मिरान म्हणाली. “पण ठेवीन.”

“नाही म्हणत मी,” ग्युसोक म्हणाला.

अंधार पडता पडता श्राद्ध सुरू झालं. धूप लागला. पहिला प्याला ग्युसोकने दिला, दुसरा थोरली सून म्हणून मिरानने, तिसरा काकांनी. भातात चमचे उभे खोचले आणि सगळे बाहेर येऊन दार लावून घेतलं. पितर जेवताना कुणी बघत उभं राहायचं नसतं. ओटीवर माना खाली घालून ते उभे राहिले. नऊ घास होईपर्यंत थांबायचं. मिरान मनातल्या मनात म्हणत राहिली, सावकाश जेवा आई, घाई नाही. मासा घ्या. नेच्याचे कोंब घ्या, तुमच्यासारखेच परतलेत. काकांनी नेहमीपेक्षा कितीतरी उशिरा खाकरून दार उघडलं. मुद्दाम थांबले असणार. विचारलं असतं तर कबूल झाले नसते.

जेवण झालं म्हणून सूपचे वाडगे उचलून त्या जागी पाणी ठेवलं. काकांनी मामंजींच्या कागदासमोर वाकून निरोप घेतला, त्यांचा कागद काढून अंगणात जाळला, आणि आत येता येता म्हणाले, “गेला दादा.” मग ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

मिरान उंबऱ्याबाहेर ठेवलेलं पीच घेऊन आत आली. त्या मेजासमोर पीच याआधी कधी आलं नव्हतं. तिने ते सासूच्या भाताच्या वाडग्यासमोर ठेवलं. मग दोन्ही हात कपाळाला लावून जमिनीपर्यंत वाकली आणि वाकलेलीच राहिली.

“जा आई,” ती म्हणाली.

ग्युसोकने उठून ओटीवरचं दार उघडलं. अंगण ओलांडून जाऊन मोठं दारही सताड उघडलं, आणि तिथेच पाठमोरा उभा राहिला. काकू आता उघड उघड रडत होती. काकांनी आईचा कागद त्याच्या हातात दिला आणि त्याने तो दाराबाहेर, रस्त्यावर जाळला.

नंतर सगळे जेवायला बसले.

“मग पुढच्या वर्षी,” काकांनी घसा साफ केला, “या तिथीला काय करायचं? मेज मांडायचं की नाही? ती तर येणार नाही. लोक विचारतील.”

“नाही मांडायचं,” मिरान म्हणाली. “मी त्या दिवशी घरीच नसेन.”

“कुठे असशील?”

“सेमगोलला. त्या इथे येणार नाहीत ना, मग मी जाईन त्यांच्याकडे.”